समरकंदचा विद्वान सुलतान : मिर्झा उलुघ बेग

तैमूरलंगाचे नाव न ऐकलेला माणूस आपल्याकडे विरळाच. १३९८ साली त्याने दिल्लीची जी दुर्दशा केली ती शालेय पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचलेली असते. परंतु या तैमूरला एक नातू होता, त्याने समरकंदवर चाळीस वर्षे सत्ता चालवली, तलवारीच्या जोरावर राज्य फारसे वाढवले नाही, आणि त्याऐवजी आकाशातील १०१८ ताऱ्यांची स्थाने नोंदवून ठेवली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. इतिहासाच्या तासाला आजोबाला अर्धे पान मिळते, नातवाच्या वाट्याला एक ओळही येत नाही. शिक्षक या नात्याने मला ही गोष्ट नेहमी खटकत आली आहे.

या नातवाचे मूळ नाव मुहम्मद तरागाई. उलुघ बेग म्हणजे थोर अमीर. ही खरे पाहता पदवी, पण लहानपणापासून तीच नावासारखी वापरली गेली आणि जगाने तीच लक्षात ठेवली. त्याचे चरित्र समजून घ्यावयाचे तर आधी त्याचे शहर पाहिले पाहिजे, कारण त्याने जे केले ते समरकंदच्या पाण्याशिवाय आणि पैशाशिवाय झाले नसते.

समरकंद आजच्या उझबेकिस्तानात, ताश्कंदच्या नैर्ऋत्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसले आहे. पाऊस वर्षाकाठी जेमतेम चौदा इंच, तोही बहुतेक हिवाळ्यात आणि वसंतात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. एवढ्या पावसावर मोठे शहर जगणे शक्य नाही. परंतु पूर्वेकडील हिमाच्छादित डोंगरांतून झरफशान नदी येते आणि तिचे पाणी पाटांनी शेतोशेती फिरवलेले आहे. झरफशान या शब्दाचा अर्थ सोने उधळणारी. नदी पश्चिमेला वाहत जाते आणि अमूदर्याला मिळण्यापूर्वीच वाळवंटात जिरून जाते. म्हणजे जवळजवळ सारे पाणी माणसांनी वाटेतच वापरलेले असते. त्यावर गहू, कापूस, द्राक्षे, सफरचंदे आणि खरबुजे पिकतात. सियाब नावाच्या ओढ्यावर कागदाच्या गिरण्या चालत आणि समरकंदी कागदाला इस्लामी जगात दूरवर मागणी असे. चीनकडून इराणकडे जाणारे आणि हिंदुस्थानातून उत्तरेकडे येणारे काफिले येथेच एकमेकांना भेटत.

असे शहर जिंकणाऱ्याच्या नजरेत भरल्याशिवाय राहील कसे? ख्रिस्तपूर्व ३२९ मध्ये सिकंदर येथे आला. १२२० मध्ये चंगेझखानाच्या फौजांनी ते उद्ध्वस्त केले. जुने शहर अफ्रासियाब नावाच्या टेकाडावर होते आणि शिशाने मढवलेल्या पन्हळीतून तेथे पाणी चढवलेले होते. ते बंद पडले तेव्हा लोक टेकाड सोडून दक्षिणेला सखल भागात राहू लागले. १३७० मध्ये तैमूरने राजधानी केली ती हीच नवी वस्ती. दमास्कस, शिराझ, दिल्ली अशा शहरांतून त्याने कारागीर पकडून आणले. दिल्लीहून नेलेले हत्ती मोठ्या मशिदीसाठी दगड ओढत होते. शहराबाहेरच्या खेड्यांना त्याने दिमिश्क, बगदाद, मिस्र अशी नावे दिली. जगातील थोर शहरे समरकंदपुढे खेड्यांएवढी आहेत असे त्याला दाखवायचे होते. यांपैकी दिमिश्क हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उलुघ बेगचा जन्म २२ मार्च १३९४ रोजी इराणातील सुलतानिया येथे, आजोबांच्या स्वारीच्या मुक्कामात झाला. तैमूर तेव्हा मार्दीनच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. नातू झाल्याची बातमी कळताच त्याने तेथील लोकांना अभय दिले, असे इतिहासकार लिहितात. वडील शाहरुख. आई गौहरशाद ही मोठी कर्तबगार स्त्री. मशहदची सुप्रसिद्ध मशीद तिनेच बांधविली. मात्र बाळाला वाढवले ते तैमूरची पट्टराणी सराय मुल्क खानम हिने. छावणीबरोबर हा मुलगा आर्मेनियापासून हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत फिरला. १४०४ च्या शरद ऋतूत समरकंदबाहेरील कानिगुलच्या कुरणात तैमूरने नातवंडांची लग्ने लावली. त्या नवरदेवांत दहा वर्षांचा उलुघ बेगही होता. स्पेनच्या राजाचा वकील क्लाविहो हा त्या सोहळ्याच्या वेळी तेथे हजर होता. पुढच्याच वर्षी, १४०५ च्या फेब्रुवारीत, चीनवर निघालेला तैमूर वाटेत ओत्रार येथे मरण पावला आणि घराण्यात भाऊबंदकी पेटली.

चार वर्षांच्या धुमश्चक्रीनंतर शाहरुखने समरकंद घेतले, परंतु राजधानी हेरातलाच ठेवली आणि समरकंद मुलाच्या स्वाधीन केले. साल १४०९. मुलाचे वय पंधरा. पहिली दोन वर्षे शाह मलिक हा वृद्ध अमीर त्याच्या डोक्यावर होता. तो गेल्यावर मात्र उलुघ बेग आपल्या मनाचा राजा झाला.

तेवीस वर्षांच्या या तरुणाने १४१७ मध्ये रेगिस्तान चौकात मदरसा बांधावयास घेतला. १४२० मध्ये तो पूर्ण झाला. दोन मजली इमारत, चार कोपऱ्यांवर मिनार, सुमारे पन्नास हुजरे, आणि समोर खानकाह. मदरशाचा खर्च चालावा म्हणून उत्पन्नाची साधने वक्फ करून दिलेली होती. निव्वळ बादशहाच्या लहरीवर विद्यालय चालत नाही हे त्याला कळत होते. त्याच सुमारास बुखाऱ्यातही त्याने मदरसा उभारला. विद्या मिळवणे हे प्रत्येक मुसलमान पुरुषाचे आणि स्त्रीचे कर्तव्य आहे या आशयाचा लेख त्याच्या दाराशी संबंधित म्हणून प्रसिद्ध आहे. स्त्रियांचा उल्लेख पंधराव्या शतकातल्या दरवाज्यावर असावा, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

या मदरशाविषयी ज्या हकिकती सांगतात त्यांपैकी दोन मला फार आवडतात. बांधकाम चालू असताना लोकांनी विचारले, येथे मुख्य मुदर्रिस कोण होणार? उलुघ बेग म्हणाला की सर्व शास्त्रांत पारंगत असेल तो. जवळच विटांच्या ढिगाऱ्यात मळक्या कपड्यांतला एक माणूस बसला होता, मौलाना मुहम्मद खवाफी. तो उठून म्हणाला की त्या जागेला मी लायक आहे. सुलतानाने त्याला तेथल्या तेथे प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, त्याला हमामखान्यात पाठवले, नवे कपडे दिले आणि नेमणूक केली. मदरसा सुरू झाल्यावर त्याच्या पहिल्या व्याख्यानाला नव्वद विद्वान बसले होते, पण ते समजले म्हणे दोघांनाच, स्वतः उलुघ बेग आणि काझीजादा रूमी यांना. (असे व्याख्यान चांगले म्हणावे की नाही, हा आम्हा शिक्षकांपुढचा जुना प्रश्न आहे.)

दुसरी हकिकत काझीजादा रूमींचीच. ते गणिताचे मोठे पंडित, मूळचे तुर्कस्तानातील बुर्सा गावचे, आणि उलुघ बेगचे गुरू. एकदा सुलतानाने एका मुदर्रिसाला कामावरून काढले. काझीजादांनी दुसऱ्या दिवसापासून मदरशात येणेच बंद केले. गुरुजी आजारी असतील म्हणून सुलतान घरी समाचाराला गेला, तर ते ठणठणीत. त्यांनी सांगितले की, शिक्षकाच्या जागेला राजाची मर्जी लागू नसते असे मी समजत होतो. ती लागू असेल तर मला ही जागा नको. उलुघ बेगने चूक कबूल केली, काढलेल्या शिक्षकाला परत घेतले आणि यापुढे कोणालाही असे काढणार नाही असे वचन दिले. तैमूरचा नातू एका मास्तरच्या दारी जाऊन माफी मागतो, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे.

मदरशात गणित आणि ज्योतिषशास्त्र शिकवले जाई, परंतु शिकवलेले ताडून पाहावयाचे तर आकाश मोजले पाहिजे. शहराच्या ईशान्येला कोहक टेकडीजवळ १४२० च्या दशकात वेधशाळा उभी राहिली. इमारत गोल, तीन मजल्यांची, सुमारे ४६ मीटर व्यासाची. आतील मुख्य यंत्र म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेत बांधलेली दगडी कमान, तिची त्रिज्या ४० मीटर. एवढी कमान जमिनीवर पुरती उभी करणे अवघड, म्हणून तिचा खालचा भाग खडक खोदून चरात बसवला होता. वरच्या छिद्रातून दुपारी सूर्याचा कवडसा कमानीवर पडे आणि तो कोठे पडला यावरून सूर्याची उंची वाचता येई. यंत्र इतके प्रचंड कशासाठी? कारण साधे आहे. शाळेतल्या कोनमापकावर एक अंश म्हणजे दोन रेघांमधली केसाएवढी जागा. या कमानीवर एक अंश सुमारे ७० सेंटिमीटरचा होता. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, तीही सेंटिमीटरभर रुंद. दुर्बिणीचा शोध लागण्यास अजून जवळजवळ दोनशे वर्षे अवकाश होता, त्यामुळे अचूकपणा यंत्राच्या आकारातूनच मिळवावा लागे.

या कामासाठी काशानहून जमशेद काशी आले. पायची किंमत दशांश चिन्हापुढे सोळा स्थळांपर्यंत त्यांनीच काढली. त्यांना दरबारी रीतिरिवाज जमत नसत. विद्येसाठी सुलतान ते चालवून घेई. काशींनी वडिलांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. समरकंदला गणित जाणणारी साठ-सत्तर माणसे जमली आहेत, आणि सुलतान स्वतः घोड्यावर बसल्या बसल्या मनात हिशेब करून सूर्याचे स्थान सांगतो, असे त्यांनी कळवले आहे. पत्रात मालकाची खुशामत असेल असे कोणी म्हणेल. परंतु इतरांच्या चुका दाखवताना काशी भीडभाड ठेवत नाहीत, त्यामुळे या साक्षीवर विश्वास ठेवावासा वाटतो. उलुघ बेगच्या स्मरणशक्तीचीही एक गोष्ट आहे. त्याला शिकारीचा भारी नाद. कोणत्या ससाण्याने कोठे कोणता पक्षी मारला याची वही ठेवलेली असे. ती हरवली, तेव्हा त्याने ती तोंडपाठ सांगून पुन्हा लिहवली. जुनी वही नंतर सापडली, तर चार-पाच तारखांचाच फरक निघाला!

काशी १४२९ मध्ये वारले, पुढे काझीजादाही गेले. तेव्हा काम अली कुश्जी यांच्यावर आले. कुश्जी म्हणजे ससाणे सांभाळणारा. सुलतानाच्या शिकारखान्याशी निगडित असे हे तरुण गृहस्थ त्याचे लाडके शिष्य होते. मध्यंतरी ते कोणाला न सांगता किर्मानला शिकण्यासाठी निघून गेले आणि परतल्यावर चंद्राच्या कलांवर लिहिलेला निबंध नजराणा म्हणून पुढे ठेवला. सुलतानाचा राग तेथेच विरला.

१४३७ मध्ये झीज पूर्ण झाली. झीज म्हणजे ग्रहगणिताची कोष्टके. तिच्यात कालगणना, त्रिकोणमितीची कोष्टके, शहरांचे अक्षांश-रेखांश आणि ताऱ्यांची यादी आहे. ताऱ्यांच्या बाबतीत तोपर्यंत लोक टॉलेमीची तेराशे वर्षांपूर्वीची यादी पुढची वर्षे मिळवून वापरत असत. समरकंदच्या मंडळींनी बहुतेक तारे नव्याने मोजले. जे फार दक्षिणेचे असल्याने तेथून दिसत नाहीत तेवढेच जुन्या ग्रंथावरून घेतले. नाक्षत्र वर्षाची लांबी त्यांनी ३६५ दिवस ६ तास १० मिनिटे ८ सेकंद काढली. आजच्या मापात ६ तासांपुढे ९ मिनिटे १० सेकंद येतात. फरक ५८ सेकंदांचा. संपूर्ण वर्षात एक मिनिटही नाही.

आता दुसरी बाजू. वेधशाळेचा पैसा कोठून येत होता? उलुघ बेगने शेतसारा हलका ठेवला होता, असे जाणकार सांगतात. त्याची भिस्त व्यापारावरच्या तमगा या करावर होती. काफिले सुरक्षित चालावेत, चीनशी वकिलातींची देवघेव राहावी, याकडे त्याचे लक्ष असे. १४२८ मध्ये त्याने झिजलेली तांब्याची नाणी मागे घेऊन नवी वजनदार नाणी पाडविली. बाजारातल्या छोट्या दुकानदाराचा रोजचा व्यवहार तांब्यातच चालत होता. परंतु तमगा हा मोगल वहिवाटीचा कर, शरीयतला धरून नाही, असे धार्मिक मंडळींचे म्हणणे होते. दरबारातील गाणेबजावणे आणि मेजवान्या हाही त्यांच्या नाराजीचा विषय होता. या तक्रारी अगदीच निराधार होत्या असे म्हणता येत नाही. विद्वानांचा हा राजा विद्वानांतच रमला आणि बाकीच्या प्रजेच्या मनात काय साचत आहे ते त्याने पाहिले नाही.

लढाईतही त्याला यश नव्हते. १४२७ मध्ये उत्तरेकडील बराक खानाने सिग्नाकजवळ त्याचा असा पराभव केला की समरकंदच्या वेशी लावून घ्याव्यात की काय अशी घबराट शहरात उडाली. शाहरुखने येऊन मुलाची कानउघाडणी केली. त्यानंतर वीस वर्षे उलुघ बेग स्वतः फौज घेऊन बाहेर पडला नाही. वडिलांच्या छत्राखाली हे निभावले. १४४७ मध्ये शाहरुख मरण पावला आणि छत्र गेले.

गादीसाठी पुतण्यांशी लढाया सुरू झाल्या. १४४८ मध्ये हेरातजवळ तरनाब येथे उलुघ बेगने विजय मिळवला. ती लढाई थोरला मुलगा अब्दुल लतीफ याच्या पराक्रमाने जिंकली गेली. परंतु विजयाची पत्रे निघाली ती धाकट्या अब्दुल अझीझच्या नावाने. हेरातच्या किल्ल्यात लतीफची ठेवलेली संपत्तीही बापाने त्याला परत दिली नाही. या मुलाकडून आपला घात होणार असे सुलतानाने पत्रिकेत पाहिले होते, असेही सांगतात. आकाश इतके अचूक मोजणाऱ्या माणसाने पत्रिकेवर विश्वास ठेवून मुलाला दूर लोटले असेल, तर यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. पत्रिकेचे सोडले तरी, परक्याच्या मुलाची विद्या ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलाचा अभिमान दुखावलेला ओळखता आला नाही, एवढे खरे.

१४४९ च्या शरदात लतीफ बल्खहून फौज घेऊन समरकंदवर चालून आला. लढाई झाली दिमिश्क या खेड्यापाशी. आजोबांनी मोठ्या दिमाखात नाव ठेवलेले तेच खेडे. उलुघ बेग हरला, शहराकडे परतला, तर त्याच्याच अधिकाऱ्याने वेशी बंद केलेल्या. अखेर तो मुलाच्या स्वाधीन झाला आणि गादी सोडून हजला जाण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली. परंतु मागाहून गुपचूप दुसरीच तजवीज झाली. एका नामधारी खानापुढे अब्बास नावाच्या माणसाने फिर्याद केली की उलुघ बेगने माझ्या बापाला ठार मारले, मला सूड हवा. फतवा लिहिला गेला. त्यावर इतरांनी सह्या केल्या. काझी मिस्कीन यांनी मात्र सही नाकारली, असे नमूद आहे. हजला निघालेल्या सुलतानाला समरकंदपासून थोड्याच अंतरावरील एका खेड्यात थांबवण्यात आले आणि २७ ऑक्टोबर १४४९ रोजी तलवारीने त्याचा शिरच्छेद झाला. वय पंचावन्न. धाकटा मुलगाही मारला गेला. बाप मारून मिळवलेली गादी लतीफला सहा महिने लाभली. १४५० च्या मे महिन्यात त्याच्याच लोकांनी त्याला ठार केले.

उलुघ बेगला पुढे तैमूरच्या शेजारी, गूर-ए-अमीर या मकबऱ्यात दफन करण्यात आले. १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ती कबर उघडली, तेव्हा मानेचा मणका धारदार शस्त्राने तुटलेला आढळला. अंगावरच्या कपड्यांसह दफन झाले होते, जसे शहिदाचे करतात.

वेधशाळेचे काम सुलतानाबरोबरच थांबले. झीज मात्र राहिली. अली कुश्जी पुढे तब्रिझला आणि तेथून इस्तंबूलला गेले, आयासोफियाच्या मदरशात शिकवू लागले आणि १४७४ मध्ये तेथेच वारले. ताऱ्यांची यादी १६६५ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डला छापली गेली. आपल्या देशात शाहजहानच्या काळची झीज समरकंदच्या झीजवर आधारलेली होती आणि पंडित नित्यानंदांनी ती संस्कृतात आणली. सवाई जयसिंगाने दिल्ली आणि जयपूरला वेधशाळा बांधल्या तेव्हा त्याच्यापुढेही उलुघ बेगचाच ग्रंथ होता. दिल्लीचे जंतरमंतर पाहताना हे आठवावे.

समरकंदचे दिवस मात्र फिरले. १४९७ मध्ये चौदा वर्षांच्या बाबरने ही वेधशाळा पाहिली होती, तीन मजल्यांची म्हणून तिचे वर्णनही केले आहे. नंतर लोकांनी विटा काढून नेल्या. उझबेक खानांनी राजधानी बुखाऱ्याला नेली, व्यापाराचा मोठा वाटा समुद्रमार्गाकडे वळला आणि अठराव्या शतकात शहर जवळजवळ ओस पडले. रशियनांनी ते १८६८ मध्ये घेतले, १८८८ मध्ये आगगाडी आली, पाटांवर कापूस वाढला. १९२५ ते १९३० अशी पाच वर्षे ते उझबेक गणराज्याची राजधानी होते, पुढे ती ताश्कंदला गेली. १९९१ पासून स्वतंत्र झालेल्या उझबेकिस्तानात ते एका प्रांताचे मुख्य ठिकाण आहे. कापूस, रेशीम, फळे आणि बाहेरून येणारे प्रवासी यांवर त्याचा चरितार्थ चालतो. उलुघ बेगचा मदरसा रेगिस्तानात अजून उभा आहे. त्याचा एक मिनार कलला होता, तो १९३२ मध्ये मोठ्या कौशल्याने सरळ करण्यात आला.

वेधशाळेची जागा कोणाला माहीत नव्हती. व्यात्किन नावाच्या रशियन संशोधकाला जुनी वक्फची कागदपत्रे चाळताना एका जमिनीच्या चतुःसीमेत तिचा उल्लेख सापडला. १९०८ मध्ये त्याने त्या टेकाडावर खणावयास सुरुवात केली. वरचे सारे गेले होते. परंतु खडकात उतरवलेला कमानीचा भाग मातीखाली जसाच्या तसा होता, आणि संगमरवरी लाद्यांवर अंशांच्या खुणा अजून वाचता येत होत्या.